गढूळ पाण्यातला उजेड

१९६६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉन डीव्हॉल्ट आणि ब्रिटन चान्स यांनी प्रकाशसंश्लेषणावरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग थोडक्यात सांगता येतो. क्रोमेशियम नावाचे जांभळे जीवाणू पाण्यात मिसळलेले, म्हणजे पात्रात गढूळ द्रव. हे जीवाणू उजेडावर जगतात, पण हिरव्या वनस्पतींसारखा ऑक्सिजन सोडत नाहीत. त्यांच्या हरितद्रव्यावर प्रकाश पडला की तिथून एक इलेक्ट्रॉन सुटून पुढे जातो आणि रिकामी झालेली जागा शेजारचं सायटोक्रोम हे प्रथिन आपला इलेक्ट्रॉन देऊन भरून काढतं. इलेक्ट्रॉन दिला की सायटोक्रोमचा रंग किंचित बदलतो. डीव्हॉल्ट आणि चान्स यांनी त्या द्रवावर रूबी लेसरचा झोत सोडला. सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारा. आणि रंग बदलायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग द्रव गोठवला, आणखी थंड केला, पुन्हा मोजलं.

नेहमीच्या तापमानाला निम्म्या सायटोक्रोमांचा इलेक्ट्रॉन जायला दोन मायक्रोसेकंद लागले. तापमान उणे १७० अंश सेल्सियसच्या आसपास येईतो हा वेळ वाढत वाढत सुमारे हजारपट झाला, दोन मिलिसेकंदांच्या थोडा पुढे गेला. इथवर नवल नव्हतं. रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, कारण वाटेतला ऊर्जेचा चढ ओलांडायला रेणूंना उष्णतेची मदत लागते. नवल त्यापुढचं. उणे १७० पासून उणे २३८ अंशांपर्यंत तापमान खाली नेलं, तरी वेळ वाढेना. उष्णता जवळपास संपली होती आणि इलेक्ट्रॉन मात्र त्याच वेगाने जात होता. म्हणजे तो चढ चढतच नव्हता, चढाच्या पोटातून आरपार निघत होता. पुंजभौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. किरणोत्सारी अणुकेंद्रातून अल्फा कण असाच बाहेर पडतो, हे १९२८ पासून माहीत होतं. सजीवातल्या यंत्रणेतही तेच घडतं याचा भक्कम पुरावा इथे हाती आला.

ब्रिटन चान्स यांच्यावरचं हे पुस्तक हाती घेणाऱ्याने हा प्रयोग आधी मनात नीट उतरवून घ्यावा, असं मला वाटतं. चान्स यांची गोष्ट साधारणपणे दोन तुकड्यांत सांगितली जाते. सत्तरीपर्यंत एन्झाइम, मायटोकाँड्रिया आणि प्रकाशसंश्लेषण यांवर मूलभूत संशोधन करणारा जैवभौतिकीतज्ज्ञ, आणि त्यानंतर माणसाच्या डोक्याला इजा न करता मेंदूतला ऑक्सिजन मोजणारी उपकरणं बनवणारा संशोधक-अभियंता. पहिल्या तुकड्याला विज्ञान म्हणायचं, दुसऱ्याला तंत्रज्ञान. ही विभागणी मला मान्य नाही आणि पुढची प्रकरणं वाचल्यावर वाचकालाही ती मान्य होईल असं वाटत नाही. जीवाणूंच्या द्रवातून आलेल्या उजेडाला चान्स जो प्रश्न विचारत होते, तोच त्यांनी पुढे नवजात बालकाच्या कवटीतून आलेल्या उजेडाला विचारला.

तो प्रश्न असा. एखाद्या पदार्थाने कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला हे मोजून त्यातले रेणू ओळखण्याची पद्धत जुनी आहे. पण तिला स्वच्छ, पारदर्शक द्रावण लागतं. पेशी तशा नसतात. जीवाणूंचं पाणी, पानाचा तुकडा, यकृतातून वेगळे काढलेले मायटोकाँड्रिया, सगळंच धूसर. प्रकाश शोषला जाण्यापेक्षा विखुरतो जास्त. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात गाडीचे दिवे लावले की उजेड भरपूर दिसतो आणि रस्ता दिसत नाही, तशी संशोधकाची अवस्था होते. सायटोक्रोमच्या रंगातला फरक बहुधा एखाद्या टक्क्याहूनही कमी असतो आणि विखुरण्यातले चढउतार त्याच्या कित्येक पट. म्हणून जुन्या पद्धतीचे लोक पेशी फोडत, आतलं प्रथिन शुद्ध करून काढत आणि मग त्याचा अभ्यास करत. त्यातून प्रथिन कळे, पण ते जिवंत पेशीत काम कसं करतं हे कळत नसे.

चान्स यांनी १९५१ च्या सुमारास यावर जो तोडगा काढला, तो माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा आहे. त्यांनी एकाच नमुन्यातून दोन अगदी जवळच्या तरंगलांबींचे झोत आळीपाळीने, थरथरणाऱ्या आरशाच्या मदतीने, सेकंदाला कित्येकदा पाठवले. सायटोक्रोम-सीचं उदाहरण घेऊ. ५५० नॅनोमीटरचा झोत सायटोक्रोमच्या बदलाला प्रतिसाद देतो, ५४० चा जवळपास देत नाही. विखुरणं मात्र दोघांच्याही वाट्याला सारखंच येतं. दोन्हींतला फरक काढला की धूसरपणा वजा होतो आणि हवा तो बदल शिल्लक राहतो. सांगायला साधी वाटणारी ही वजाबाकी प्रत्यक्षात आणायला उत्तम प्रकाशगुणक नळ्या, अत्यंत स्थिर विद्युतमंडलं आणि वेळेचं काटेकोर नियंत्रण लागतं. त्या काळात हे सगळं एका हाताखाली असलेले जीवशास्त्रज्ञ फार थोडे होते.

चान्स यांच्याकडे ते कुठून आलं, याचं उत्तर समुद्रापासून सुरू होतं. त्यांचा जन्म २४ जुलै १९१३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात, विल्क्स-बॅरी इथे. उन्हाळे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांत गेले. तरुणपणीच त्यांनी जहाज आपोआप हाकणारं एक साधन तयार केलं. होकायंत्रावरच्या ठरलेल्या दिशेपासून जहाज किती ढळलं हे ते ओळखायचं आणि तसा इशारा सुकाणूच्या यंत्रणेला द्यायचं. जहाज वळलं की इशारा बदलायचा, आणि हे चक्र अखंड चालू राहायचं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या 'न्यूझीलंड स्टार' या जहाजावर हे साधन बसवून त्याची चाचणी झाली. आपल्या कामाचा परिणाम पाहून स्वतःला दुरुस्त करत राहणारी ही रचना, म्हणजे ज्याला आपण फीडबॅक म्हणतो ती, चान्स यांनी नंतर आयुष्यभर वापरली, आणि पुढे तर ती पेशीतच सापडली.

होडीची आवडही सुटली नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये साडेपाच मीटर वर्गाच्या शर्यतीत 'कॉम्प्लेक्स टू' या बोटीवरून त्यांच्या चमूने सुवर्णपदक मिळवलं. चान्स यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही गोष्ट आधी सांगतात. मी ती इथे ठेवून पुढे जातो.

ऑलिंपिकच्या कितीतरी आधी, केंब्रिजला शिकताना, त्यांना ग्लेन मिलिकन भेटले. हॅमिल्टन हार्ट्रिज आणि फ्रान्सिस रफ्टन यांनी १९२३ मध्ये रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला किती झपाट्याने धरतं, हे मोजायची युक्ती काढली होती. दोन द्रव एकत्र करून नळीतून वेगाने ढकलायचे. नळीत जितकं पुढे पाहावं, तितका मिश्रणानंतरचा उशिराचा क्षण दिसतो. पण त्यासाठी द्रव लिटरच्या मापात लागे आणि शुद्ध एन्झाइम तेवढं मिळतच नसे. मिलिकन यांनी हे माप खूप खाली आणलं. चान्स यांनी आणखी पुढे जाऊन द्रव मिसळून एकदम थांबवायचा आणि एकाच जागी प्रकाशघट ठेवून त्याच्या रंगातला बदल ऑसिलोस्कोपवर पाहायचा, अशी व्यवस्था केली. तिचे पुढचे अवतार आजही जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये वापरात आहेत.

या उपकरणातून पहिलं मोठं फळ हाती आलं ते पेरॉक्सिडेज या एन्झाइमचं. लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये, म्हणजे चान्स यांच्या जन्माच्या वर्षी, असं मांडलं होतं की एन्झाइम आणि ते ज्यावर काम करतं तो रेणू आधी एकमेकांना धरून तात्पुरती जोडी बनवतात आणि मगच क्रिया होते. गणित जुळत होतं, पण ती जोडी प्रत्यक्ष बनताना आणि मोडताना कोणी पाहिली नव्हती. पेरॉक्सिडेजच्या बाबतीत ती जोडी रंगाने ओळखू येते. चान्स यांनी तिचं बनणं-मोडणं क्षणाक्षणाने नोंदवलं आणि समीकरणं सोडवायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमधलं यांत्रिक डिफरन्शियल अॅनलायझर वापरलं. १९४० च्या पहिल्या टिपणात चान्स आणि मिलिकन यांच्यासोबत जॉन ब्रेनर्ड यांचं नाव आहे. पुढे एनिअॅक संगणकाचा प्रकल्प ज्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला तेच हे ब्रेनर्ड. एन्झाइमच्या अभ्यासात गणकयंत्र आणण्याची कल्पना तेव्हा किती अनोखी होती, हे आज जाणवणं कठीण आहे. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियाची आणि १९४२ मध्ये केंब्रिजची, अशा दोन डॉक्टरेट चान्स यांच्या नावावर जमा झाल्या. १९४३ चा सविस्तर निबंध एन्झाइमशास्त्रात पायाभूत मानला जातो.

मग युद्ध. एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत रडारचं काम चाललं होतं. तिथे चान्स यांच्याकडे काटेकोर वेळमापनाची विद्युतमंडलं आली. रडारमध्ये परावर्तित लहर किती वेळाने परतली यावरून विमान किती दूर आहे हे कळतं, म्हणून वेळ मोजण्यातली चूक म्हणजे अंतरातली चूक. या कामाचं सार १९४९ मध्ये 'वेव्हफॉर्म्स' या जाडजूड ग्रंथात आलं, चान्स त्याच्या संपादकांपैकी एक. वेळेचे सूक्ष्म तुकडे पाडून त्यातून अंतर काढण्याची ही सवय चाळीस वर्षांनी कवटीच्या आत उपयोगी पडणार होती.

युद्धानंतर काही काळ ते स्टॉकहोमला ह्यूगो थिओरेल यांच्याकडे होते. १९४९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉन्सन फाउंडेशनची सूत्रं त्यांच्याकडे आली, ती १९८३ पर्यंत राहिली. त्यांच्या काळात तिथे यंत्रशाळा आणि जीवशास्त्राची प्रयोगशाळा एकमेकींपासून दूर पडल्या नाहीत. १९५५ मध्ये रोनाल्ड विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी मायटोकाँड्रियाच्या श्वसनाच्या अवस्था ठरवल्या. पेशीने ऊर्जेचं चलन असलेला एटीपी खर्च केला की एडीपी वाढतो आणि एडीपी वाढला की श्वसनाचा वेग वाढतो. एटीपी भरून आला की वेग पुन्हा उतरतो. जहाजाच्या सुकाणूतली रचना त्यांना मायटोकाँड्रियात भेटली. तिसरी अवस्था, चौथी अवस्था ही त्यांची नावं जगभरच्या प्रयोगशाळांत आजही रोज उच्चारली जातात.

प्रकाशसंश्लेषणाकडे ते वळले तेही हे दोन झोतांचं उपकरण हातात धरूनच. मायटोकाँड्रियात सायटोक्रोम इलेक्ट्रॉन पुढे सारतात, तसेच प्रकाशसंश्लेषी जीवाणूंतही. फरक इतकाच की इथे क्रिया सुरू करायला बटण आहे, ते म्हणजे उजेड. द्रव मिसळायची गरज नाही, उजेड पाडला की घड्याळ सुरू. १९६० मध्ये मित्सुओ निशिमुरा यांच्याबरोबर चान्स यांनी दाखवलं की द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, उणे १९६ अंशांवर, गोठलेल्या क्रोमेशियमातही उजेडाने सायटोक्रोमचा इलेक्ट्रॉन जातो. त्याच वर्षी थिओडोर मेमन यांनी पहिला रूबी लेसर चालवून दाखवला. बटण आता हजारो पटींनी जलद झालं, आणि डीव्हॉल्ट यांच्याबरोबरचा सुरुवातीला सांगितलेला प्रयोग शक्य झाला.

या शोधाचा सिद्धान्त उभारण्याचं काम मात्र प्रामुख्याने इतरांनी केलं, हेही इथे स्पष्ट म्हणायला हवं. जॉन हॉपफील्ड यांची मांडणी १९७४ ची. रुडॉल्फ मार्कस यांच्या इलेक्ट्रॉन-स्थानांतराच्या सिद्धान्ताला १९९२ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जॉन्सन फाउंडेशनमध्येच लेस्ली डटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक प्रथिनं तपासून दाखवलं की निसर्ग असे इलेक्ट्रॉनवाहक एकमेकांपासून साधारण १४ अँगस्ट्रॉमच्या आत ठेवतो. तेवढ्या अंतरात टनेलिंग पुरेसं जलद होतं. चान्स यांचा स्वभाव एका विषयाच्या तळाशी बसून राहण्याचा नव्हता. काही जाणकारांना हा त्यांचा दोष वाटतो. मला वाटतं, ज्याने दार उघडलं त्यानेच घर बांधलं पाहिजे असा नियम विज्ञानात लावू नये.

आता कवटीकडे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन बाळगत असलं की एका रंगाचं, नसलं की दुसऱ्या. पण दृश्य प्रकाश शरीरात फार खोल जात नाही. साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या अवरक्त पट्ट्यात मात्र पाणी आणि रक्त दोन्ही कमी शोषतात आणि प्रकाश काही सेंटीमीटर आत पोचतो. ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योबसिस यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं. अडचण जुनीच. प्रकाश आत जातो, पण सरळ जात नाही. असंख्य वेळा विखुरत, भरकटत बाहेर येतो. तो नेमका किती लांबचा रस्ता तुडवून आला हे कळल्याशिवाय त्याने किती हिमोग्लोबिन पाहिलं हे सांगता येत नाही.

इथे चान्स यांनी रडारचा धडा गिरवला. डोक्यावर लेसरचा अतिलघु झोत सोडायचा आणि काही सेंटीमीटर दूर बाहेर येणारा प्रकाश किती उशिराने येतो हे मोजायचं. पेशीजालात प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण २२ सेंटीमीटर जातो, म्हणून उशिरावरून रस्त्याची लांबी निघते. १९८८ मध्ये चान्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूवरची अशी मोजमापं प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी मायकेल पॅटरसन आणि ब्रायन विल्सन यांच्यासह त्यांनी दाखवलं की बाहेर आलेल्या झोताच्या आकारावरून शोषण आणि विखुरणं वेगवेगळं काढता येतं. जीवाणूंच्या पाण्यात जे विखुरणं वजा करून टाकायचं होतं, त्यातूनच आता माहिती मिळू लागली. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तर होतं.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं उपकरणांची आहेत. धावताना स्नायूतला ऑक्सिजन दाखवणारं, अंगावर बांधायचं यंत्र. कपाळावरून मेंदूच्या पुढच्या भागातले बदल टिपणारी पट्टी. विचार करताना तिथल्या रक्तात काय बदल होतो, यावरचा त्यांचा निबंध १९९३ चा. अपघातानंतर कवटीत रक्त साचलंय का हे डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करून सांगणारं, हातात मावणारं साधन. याच्या मागे टेक्सासमधल्या क्लॉडिया रॉबर्टसन आणि शंकर गोपीनाथ यांच्याबरोबरचं काम आहे. स्कॅनची सोय दूर असेल तिथे अशा साधनाचं मोल किती, हे आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सगळे प्रयत्न फळाला आले असं नाही. स्तनाच्या कर्करोगाचं निदान प्रकाशाने करण्याची त्यांना मोठी आशा होती. त्या तपासणीने मॅमोग्राफीची जागा अजून घेतलेली नाही.

त्यांचे केंब्रिजचे मार्गदर्शक मिलिकन यांच्याकडे पुन्हा एकदा यायला हवं. उंचावर उडणारे वैमानिक ऑक्सिजनअभावी बेशुद्ध होत, म्हणून युद्धकाळात मिलिकन यांनी कानाच्या पाळीवर लावायचं मापक बनवलं. ऑक्सिमीटर हे नाव त्यांचंच. १९४७ मध्ये गिर्यारोहण करताना अपघातात ते गेले. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात नाडीच्या ठोक्याचा उपयोग करून पुढची पायरी गाठली आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यातून आला. २०२० च्या सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा ताईंनी महाराष्ट्रात घरोघर जाऊन जो आकडा वहीत लिहिला, तो दोन तरंगलांबींच्या तुलनेतूनच निघालेला होता. ऑक्सिमीटर चान्स यांनी शोधला, असं म्हणणं चूक ठरेल. पण ऑक्सिमीटर आणि चान्स यांची उपकरणं ही एका गुरूच्या हाताखालची, एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

चरित्रं लिहिताना आपण शोधांची यादी पुढे ठेवतो आणि उपकरणांची माहिती परिशिष्टात टाकतो. प्रस्तुत पुस्तकात तसं केलेलं नाही, याचा मला विशेष आनंद आहे. आरसा किती वेगाने थरथरायचा, झोत कुठून कुठे जायचे, हे इथे मुख्य मजकुरात आहे आणि ते घाईने ओलांडू नये. आपल्याकडे सोल्डरिंग करणारा हात डिप्लोमाचा आणि समीकरण लिहिणारा हात पदवीचा, अशी वाटणी शाळेपासून होते. त्या वाटणीत चान्स यांच्यासारखा माणूस कुठेच बसला नसता, आणि याचं मला खरोखर दुःख होतं. अमेरिकेने त्यांना १९७४ चं राष्ट्रीय विज्ञान पदक दिलं. १६ नोव्हेंबर २०१० रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांचं काम चालू होतं.

काम अपुरंही आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये बोटावरचा ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आहे. त्वचेतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं. मेंदूवरच्या उपकरणांतही प्रकाशाला त्वचा दोनदा ओलांडावी लागते, आत शिरताना आणि बाहेर पडताना. चान्स यांचे सहकारी अर्जुन योध यांच्यासारख्या भौतिकीतज्ज्ञांनी विखुरलेल्या प्रकाशाचं गणित पुष्कळ पुढे नेलं आहे, पण कोणत्या वर्णाला किती दुरुस्ती हे केवळ गणितातून निघणार नाही. ते मोजावं लागेल, आणि उन्हात राबणाऱ्या माणसांच्या त्वचेवर मोजावं लागेल. एलईडी, प्रकाशघट आणि छोटे नियंत्रक आज मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरने एका टेबलाशी बसून हे मोजमाप सुरू करता येण्यासारखं आहे. त्यासाठी लागणारी बरीचशी पूर्वतयारी या पुस्तकाच्या सहाव्या आणि सातव्या प्रकरणात मिळेल.